तारापूरची मोहोर

बोईसर स्थानकावर उतरून समुद्राच्या दिशेने निघाले म्हणजे चिंचणी, तारापूर, घिवली ही बागायतदारांची आणि कोळ्यांची जुनी वस्ती लागते, आणि त्याच किनाऱ्यावर, एका लांबलचक कुंपणाच्या आड, भारतातील पहिले अणुवीज केंद्र उभे आहे. तारापूरचे नाव मराठी इतिहासाच्या वाचकाला नवे नाही. 1739 च्या आरंभी चिमाजी अप्पांच्या फौजांनी तेथील फिरंग्यांचा किल्ला घेतला आणि त्या हल्ल्यात बाजी भिवराव रेठरेकर कामी आले, ही हकिकत वसईच्या मोहिमेच्या प्रत्येक वृत्तांतात येते. परंतु गेल्या साठ वर्षांत वॉशिंग्टन, व्हिएन्ना, पॅरिस आणि बीजिंग येथल्या सरकारी दप्तरांतून हे नाव ज्या कारणाने पुनःपुन्हा लिहिले गेले, त्याचा त्या बुरुजांशी काही संबंध नाही. जगाने अण्वस्त्रांच्या बाबतीत जे नियम घातले त्या नियमांबाहेर राहिलेल्या राष्ट्राने आपल्यावर बसलेला ठपका कसा सोसला, कसा हाताळला, आणि अखेरीस त्याच नियमांच्या रक्षकांकडून अर्धीमुर्धी का होईना, मान्यता कशी मिळवली, याचा इतिहास दिल्लीच्या भाषणांपेक्षा तारापूरच्या इंधनाच्या हिशोबवहीत अधिक स्वच्छ वाचता येतो, असे मला वाटते.

भारत आणि अमेरिका यांच्यात तारापूरविषयीचा करार 8 ऑगस्ट 1963 रोजी झाला. मुदत तीस वर्षांची होती. जनरल इलेक्ट्रिक या कंपनीने पाणी उकळून वाफ करणाऱ्या दोन अणुभट्ट्या बांधून द्याव्यात, त्यांना लागणारे समृद्ध युरेनियम अमेरिकेने पुरवावे, आणि भारताने ते इंधन अन्य कोणाकडून न घेता अमेरिकेकडूनच घ्यावे, असा तो परस्परांना बांधून घालणारा व्यवहार होता. होमी भाभा यांनी 1956 साली, आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची घटना न्यूयॉर्क येथे तयार होत असताना, परकीय तपासणीच्या कल्पनेला कसून विरोध केला होता; जी राष्ट्रे या विद्येत मागाहून येतील त्यांच्याच घरांत निरीक्षक शिरतील आणि जी आधी पोचली त्यांची दारे बंदच राहतील, हा त्यांचा आक्षेप होता. तरीही तारापूरपुरती तपासणी त्यांनी पत्करली. वीज लवकर हवी होती, मुंबई आणि गुजरातचे कारखाने तिची वाट पाहत होते, आणि एका केंद्राची तपासणी मान्य केल्याने तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्राची दारे उघडावी लागत नव्हती. ऑक्टोबर 1969 मध्ये केंद्रातून व्यापारी तत्त्वावर वीज वाहू लागली, परंतु ते पाहायला भाभा हयात नव्हते. जानेवारी 1966 मध्ये माँ ब्लाँ पर्वतावरील विमान अपघातात त्यांचा अंत झाला होता.

ही तपासणी म्हणजे प्रत्यक्षात काय, हे थोडे जवळून पाहण्यासारखे आहे. अमेरिकेहून आलेले युरेनियम हैदराबादच्या अणुइंधन कारखान्यात जाई. तेथे त्याच्या गोळ्या होत, गोळ्यांच्या नळ्या भरल्या जात आणि नळ्यांचे जुडगे बांधले जात. प्रत्येक जुडग्यावर क्रमांक असे, आणि तो क्रमांक भट्टीत शिरल्यापासून वापरलेल्या इंधनाच्या पाण्याच्या हौदात उतरेपर्यंत वहीतून त्याचा पाठपुरावा करी. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे निरीक्षक व्हिएन्नाहून येत, वहीतले जुडगे आणि हौदातले जुडगे ताडून पाहत, पाण्याखालून उमटणाऱ्या निळसर प्रकाशावरून इंधन खरोखर वापरलेले आहे की नाही ते पारखत, आणि जेथे काही हलू नये तेथे तारेत ओवलेली, नाण्याएवढी, धातूच्या दोन टोप्यांची मोहोर लावून जात. त्या टोपीच्या आतल्या पृष्ठावर मुद्दाम ओरखडे असत आणि त्यांचे चित्र व्हिएन्नाच्या दप्तरात आधीच घेऊन ठेवलेले असे. पुढल्या खेपेस तार कापून टोपी परत नेली जाई आणि ओरखडे जुळतात की नाही ते पाहिले जाई. लाखेवर उठवलेल्या मुद्रेखाली खलिता बंद करण्याची रीत आपल्या दप्तरखान्यांत शतकानुशतके होती. येथे फरक एवढाच की मोहोर ज्याच्या घरात होती तो तिचा धनी नव्हता.

तारापूरची ही शिस्त एका बाजूला चाललेली असताना, तेथून दक्षिणेस शंभरेक किलोमीटरवर, तुर्भ्याच्या खाडीकाठी, सायरस नावाची दुसरी भट्टी जुलै 1960 पासून निराळ्याच व्यवस्थेखाली चालू होती. ती कॅनडाने दिलेली होती, तिच्यात वापरायचे जड पाणी अमेरिकेने दिले होते, आणि 1956 च्या त्या करारांत भट्टीचा उपयोग केवळ शांततामय कार्यासाठी करावा असे वचन तेवढे होते. ते पाळले जाते की नाही हे पाहण्यासाठी निरीक्षक येण्याची तजवीज त्यांत नव्हती. चीनने ऑक्टोबर 1964 मध्ये स्फोट केला. पुढे 1968 साली सह्यांसाठी खुल्या झालेल्या अण्वस्त्रप्रसारबंदी कराराने एक तारीख ठरवून टाकली: 1 जानेवारी 1967 पूर्वी ज्याने स्फोट केला तो अण्वस्त्रधारी, आणि ज्याने केला नाही त्याने ती वाट कायमची सोडावी. गावच्या वतनाच्या वादात एखाद्या जुन्या सालची जमाबंदी प्रमाण धरून पुढचे सगळे दावे फेटाळावेत, तसाच हा प्रकार होता. भारताने सही केली नाही, आणि 18 मे 1974 रोजी पोखरणच्या वाळवंटात सायरसमधून निघालेल्या प्लुटोनियमचा स्फोट केला.

या स्फोटाला भारत सरकारने शांततामय स्फोट म्हटले. त्या वर्णनाची परदेशात पुष्कळ थट्टा झाली आणि ती अगदीच अस्थानी होती असे म्हणवत नाही. तथापि त्यामागे एक विचार होता, जो थट्टा करणाऱ्यांनी दुर्लक्षिला. नियम अमान्य आहे असे जगाला बजावायचे आणि त्याच वेळी आपण नियमभंजक नाही हेही सांगायचे, या दोन गोष्टी एका वाक्यात बसवण्याची ती धडपड होती. धडपडीचे पहिले फळ कटू निघाले. कॅनडाने सहकार्य थांबवले आणि 1976 मध्ये ते कायमचे तोडले. राजस्थानातील रावतभाट्याची दुसरी भट्टी भारतीय अभियंत्यांना स्वतःच्या हिकमतीने पुरी करावी लागली. पुरवठादार राष्ट्रे लंडनमध्ये बंद दाराआड एकत्र येऊ लागली, आणि आज ज्याला अणुपुरवठादार गट म्हणतात त्या मंडळाचा जन्म पोखरणमुळे झाला. भारताला बाहेर ठेवण्यासाठी जन्मलेल्या या संस्थेच्या दारात पुढे भारताने तिचे सभासदत्व मागत उभे राहावे, हा इतिहासाचा विनोद आहे. पण त्याचे हसू यायला चार दशके जावी लागली.

अमेरिकेने 1978 साली असा कायदा केला की ज्या देशाच्या सर्व अणुकेंद्रांवर आंतरराष्ट्रीय तपासणी नाही त्याला इंधन देता येणार नाही, आणि हा कायदा 1963 च्या कराराच्या डोक्यावर बसला. अध्यक्ष कार्टर त्याच वर्षाच्या प्रारंभी दिल्लीस आले होते. आपल्या परराष्ट्रमंत्र्याशी खाजगीत बोलताना, परत गेल्यावर भारताच्या पंतप्रधानांना एक थंड आणि रोखठोक पत्र धाडले पाहिजे अशा आशयाचे ते काहीतरी बोलले, आणि जवळच चालू राहिलेल्या ध्वनिक्षेपकाने ते वार्ताहरांच्या कानी घातले. पंतप्रधान होते मोरारजी देसाई, ज्यांना मुंबई राज्याचे मुख्यमंत्री म्हणून मराठी माणसाने फार जवळून ओळखले होते आणि फारसे प्रेम दिले नव्हते. त्यांची हट्टी, व्रतस्थ वृत्ती येथे भारताच्या कामी आली, असे मान्य करणे भाग आहे. यापुढे स्फोट करणार नाही असे त्यांनी आपण होऊन जाहीर केले, आणि सर्व केंद्रे तपासणीखाली आणा ही मागणी मात्र मोठ्या राष्ट्रांनी आपली केंद्रे उघडल्याशिवाय मानणार नाही, हेही तितक्याच शांतपणे सांगितले. पुढे 1980 साली अडतीस टन इंधनाचा प्रश्न अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाकडे गेला असता आयोगाने परवाना नाकारला. कार्टर यांनी स्वतःच्या अधिकारात तो दिला. कनिष्ठ सभागृहाने 298 विरुद्ध 98 मतांनी त्यांना विरोध केला. आणि सिनेटमध्ये 48 विरुद्ध 46, म्हणजे अवघ्या दोन मतांच्या फरकाने, तारापूरचे इंधन सुटले. पालघरकडच्या किनाऱ्यावरील दोन भट्ट्यांसाठी सातासमुद्रापलीकडच्या विधिमंडळात अशी हातघाई व्हावी, हे त्या पंचक्रोशीतल्या किती जणांना तेव्हा ठाऊक असेल, कोण जाणे.

या सगळ्या काळात भारतापुढे एक सोपा मार्ग खुला होता. करारातील पुरवठ्याचे कलम तुम्ही मोडले, सबब तपासणीचे कलम आम्हांवर बंधनकारक राहिले नाही, असे म्हणून मोहोरा तोडता आल्या असत्या. हौदात साठलेले वापरलेले इंधन अमेरिका परत नेत नव्हती आणि त्यावर पुनर्प्रक्रिया करू देत नव्हती, त्यामुळे तक्रारीला जागाही भरपूर होती. संसदेत असे बोलणारे होते, आणि सरकारनेही त्याची धमकी अधूनमधून दिली. मोहोरा मात्र तुटल्या नाहीत. इंदिरा गांधी 1982 मध्ये वॉशिंग्टनला गेल्या तेव्हा अमेरिकेऐवजी फ्रान्सने इंधन द्यावे अशी तोड निघाली. कराराची तीस वर्षे 1993 साली संपली, फ्रान्सही थांबला, आणि तपासणीचे कायदेशीर बंधन शिथिल झाले असता भारताने व्हिएन्नाच्या संस्थेशी नवा करार करून तारापूर आपण होऊन तिच्या नजरेखाली ठेवले. त्यानंतर 1995 मध्ये चीनने इंधन दिले, 2001 मध्ये रशियाने, आणि रशियाच्या त्या पुरवठ्यावर पुरवठादार गटातील बहुतेक सभासद संतापले. दरम्यान भट्ट्या म्हाताऱ्या होत होत्या. 210 मेगावॉटची त्यांची क्षमता 160 पर्यंत उतरवावी लागली होती. विजेच्या हिशोबाने पाहिले तर एवढी यातायात कशासाठी, असा प्रश्न पडावा. पण या केंद्राची दुसरी मिळकत विजेच्या बिलात येत नव्हती. ज्याच्यावर प्रसारबंदी कराराबाहेरचा म्हणून शिक्का होता त्या राष्ट्राने, समोरच्याने करार मोडला असताही आपल्या बाजूचा शब्द पाळला, याची नोंद व्हिएन्नाच्या दप्तरात वर्षानुवर्षे जमा होत होती.

बळाने मिळालेली वस्तू कागदावर मान्य करून घेण्याची ही ओढ आपल्या इतिहासाला चांगली ठाऊक आहे. मराठ्यांच्या फौजा दख्खनेत चौथाई वसूल करीत होत्याच. तरीही बाळाजी विश्वनाथ दिल्लीस गेले आणि 1719 साली चौथाईच्या व सरदेशमुखीच्या बादशाही सनदा घेऊन परतले. ज्या तख्ताची हुकमत खिळखिळी झाली होती त्याचा शिक्का कशाला हवा, असे विचारणाऱ्याला उत्तर एवढेच, की वसूल तलवारीने होतो परंतु तो हक्क आहे असे तिसऱ्याला पटवायला सनद लागते. त्या सनदेची किंमतही असते: जो सनद घेतो तो देणाऱ्याचा देण्याचा अधिकार कबूल करतो. भारताने प्रसारबंदी कराराला विषम आणि अन्याय्य म्हणत म्हणतच त्याच्या रक्षकांचा शिक्का मागितला, यातील विसंगती दाखवणाऱ्यांचे म्हणणे खोटे नाही. पण बाळाजीपंतांच्या काळीही ती विसंगती होतीच.

प्रसारबंदी कराराबाहेर राहिलेल्या इतरांनी निराळ्या रीती धरल्या. इस्रायलने होय म्हटले नाही की नाही म्हटले नाही, आणि मौनालाच धोरण केले. पाकिस्तानने भारताला मिळेल ते आपल्यालाही मिळावे अशी बरोबरीची मागणी लावून धरली, पण फेब्रुवारी 2004 मध्ये अब्दुल कादीर खान यांनी दूरचित्रवाणीवर तंत्रज्ञान इतर देशांना पुरवल्याचा कबुलीजबाब दिला, तेव्हा त्या मागणीचा पाया ढासळला. उत्तर कोरियाने करारात राहून, मग बाहेर पडून, धाकदपटशा हेच भांडवल केले.

मे 1998 मध्ये पोखरणला पुन्हा स्फोट झाले, आणि या वेळी शांततामय हे विशेषण कोणी लावले नाही. सुरक्षा परिषदेने 6 जूनला एकमताने ठराव करून भारत आणि पाकिस्तान या दोघांचीही एका दमात कानउघाडणी केली. अमेरिकेने आर्थिक निर्बंध घातले. अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष राजगोपाल चिदंबरम यांना अमेरिकेचा व्हिसा नाकारण्यात आला. त्यानंतर जे घडले ते मात्र 1974 पेक्षा फार निराळे. जसवंतसिंह आणि अमेरिकेचे स्ट्रोब टालबट यांनी सुमारे दोन वर्षांत चौदा वेळा, सात देशांत, बैठका घेतल्या. ज्या सहीसाठी टालबट येत होते ती व्यापक चाचणीबंदी कराराची सही त्यांना शेवटपर्यंत मिळाली नाही. पण एवढा वेळ एकाच मेजाशी बसून बोलणे झाले, यातच अपराधी आणि न्यायाधीश हे नाते पातळ होत गेले. पुढे भारताने प्रथम वापर न करण्याचे तत्त्व 2003 साली अधिकृतपणे जाहीर केले, आणि 2005 मध्ये सामूहिक संहाराच्या अस्त्रांशी संबंधित वस्तूंच्या निर्यातीवर कडक कायदा केला. पुरवठादार गटाची सभासद राष्ट्रे आपल्या कायद्यांत जे लिहीत, ते भारत सभासदत्वाशिवाय आपल्या कायद्यात लिहू लागला. चोराने पोलिसाचा गणवेश शिवून घेतला, असे कोणी कुत्सितपणे म्हणेल. पण ज्याने इतकी वर्षे चोरी केल्याचे सिद्ध झाले नाही त्याला चोर म्हणणेही बरे नव्हे.

18 जुलै 2005 रोजी मनमोहन सिंग आणि अध्यक्ष बुश यांचे संयुक्त निवेदन निघाले, आणि त्यात भारताचा उल्लेख प्रगत अणुतंत्रज्ञान असलेले जबाबदार राष्ट्र असा झाला. अण्वस्त्रधारी हा शब्द त्यात नव्हता. तो देण्याचा अधिकार 1967 च्या त्या तारखेने सर्वांकडून काढून घेतलेला होता. अमेरिकेशी नागरी अणुसहकार्याच्या या सौद्याची किंमत पुढल्या वर्षी ठरली. बावीसपैकी चौदा भट्ट्या नागरी म्हणून तपासणीखाली जाव्यात, आठ बाहेर राहाव्यात, असा विभाग करण्यात आला. कोणत्या भट्ट्या कोणत्या बाजूस पडाव्यात याविषयी दिल्लीत जी ओढाताण झाली, तीत अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष अनिल काकोडकर यांनी शीघ्र प्रजनक भट्टी तपासणीखाली जाऊ देणार नाही अशी भूमिका उघडपणे घेतली आणि ती टिकवली. या सौद्याच्या मराठी इतिहासकाराला ही गोष्ट वगळता यायची नाही. तारापूरच्या आवारातच सीमारेषा पडली: अमेरिकेने दिलेल्या पहिल्या दोन भट्ट्या मोहोरेखाली, आणि 2005 व 2006 मध्ये भारतीयांनी बांधून चालू केलेल्या 540 मेगावॉटच्या तिसऱ्या व चौथ्या भट्ट्या मोहोरेबाहेर. या नव्या भट्ट्यांसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही दोन गावे उठवली गेली, आणि तेथील लोकांना आपल्या पुनर्वसनासाठी उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली; राष्ट्राला मान्यता देणाऱ्या कागदांत त्यांचा उल्लेख असण्याचे कारण नव्हते, पण या इतिहासात असावा असे मला वाटते.

सायरसचे काय करावे हा प्रश्न अधिक नाजूक होता. 1974 चा ठपका मुळात तिच्यावर होता. तपासणीखाली दिली तर जुन्या हिशोबाची चौकशी ओढवायची. बाहेर ठेवली तर कॅनडाला दिलेल्या वचनाची आठवण पुनःपुन्हा निघायची. त्यातून असा मार्ग काढण्यात आला की ती 2010 च्या अखेरीस कायमची बंद करावी, आणि त्याप्रमाणे ती बंद झाली. नुकतीच मोठ्या खर्चाने दुरुस्त केलेली भट्टी अशी विझवावी याचे तुर्भ्यातल्या पुष्कळ शास्त्रज्ञांना वाईट वाटले. व्हिएन्नात सप्टेंबर 2008 मध्ये पंचेचाळीस राष्ट्रांचा पुरवठादार गट बसला तेव्हा ऑस्ट्रिया, आयर्लंड, न्यूझीलंड यांसारखी लहान परंतु तत्त्वाग्रही राष्ट्रे अखेरपर्यंत अडून होती; परराष्ट्रमंत्री प्रणव मुखर्जी यांनी 5 तारखेला चाचण्या न करण्याच्या स्वेच्छाबंधनाचा पुनरुच्चार केला आणि 6 तारखेला भारताशी अणुव्यापार करण्यासाठी गटाच्या नियमांतून सूट मिळाली. तारापूरच्या नोंदी तेव्हा उपयोगी पडल्या हे खरे. पण चीनच्या वाढत्या सामर्थ्याला तोल हवा होता आणि अणुभट्ट्या विकणाऱ्यांना बाजार हवा होता, हेही तितकेच खरे आहे, आणि निव्वळ सदाचरणाने ही सूट मिळाली असे जो सांगेल त्याच्यावर मी विश्वास ठेवणार नाही.

सूट मिळाली, सभासदत्व नाही. जून 2016 मध्ये सोल येथे गटाच्या बैठकीत भारताचा अर्ज चीनच्या विरोधामुळे अडला, आणि विरोधाचे कारण तेच जुने होते: प्रसारबंदी करारावर सही नाही. याच चीनने तारापूरला 1995 साली इंधन विकले होते. अन्य तीन निर्यातनियंत्रक मंडळांनी 2016 ते 2018 या काळात भारताला सामावून घेतले. अमेरिकेच्या ज्या भट्ट्यांसाठी एवढा खटाटोप झाला त्यांतली एकही अद्याप उभी राहिलेली नाही. युरेनियम मात्र येऊ लागले, आणि ते देणाऱ्यांत कॅनडाही होता. त्याच्याशी 2010 साली करार झाला, पण त्याची अंमलबजावणी तीन वर्षे खोळंबली, कारण आपण दिलेल्या मालाचा स्वतंत्र हिशोब आपल्याला मिळावा असा कॅनडाचा आग्रह होता, आणि व्हिएन्नाच्या वहीत असलेला हिशोब पुरेसा मानावा असा भारताचा. सायरसला ओटावात कोणी विसरलेले नव्हते. शेवटी वाटाघाटींतून मार्ग निघाला, 2015 मध्ये खरेदीचा करार झाला आणि त्या वर्षअखेर कॅनडाचे युरेनियम भारतात उतरू लागले.